मुका खांब

नागपुरात 'स्कार्फ' हा शब्द उन्हाळ्याचा आहे. मार्च सरत आला की दुचाकीवरून जाणाऱ्या मुली-बाया डोके, कान, नाक आणि गळा झाकून फक्त डोळे उघडे ठेवणारे जे सुती कापड गुंडाळतात, त्याला इथे स्कार्फ म्हणतात; आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला की त्या कापडाशिवाय घराबाहेर पडणे अशक्य होते. थंडीत गळ्याभोवती घ्यायची लोकरीची पट्टी म्हणजे मफलर. म्हणूनच गेल्या दिवाळीनंतर मी क्रोशाने एक साधा स्कार्फ विणायला घेतला असल्याचे कार्यालयात सांगितले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी, "आत्तापासूनच? उन्हाळ्याला तर अजून चार महिने आहेत," असे अगदी मनापासून विचारले. तेव्हापासून मीही त्याला मफलरच म्हणते. नाव बदलले म्हणून वस्तू बदलत नाही, हे खरे आहे. पण या विणकामातली नावे नीट हाती येईपर्यंत मला त्यातले काहीही जमले नव्हते, आणि ती आल्यावर जे जमू लागले ते इतके वेगळे होते की त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

मफलर वडिलांसाठी आहे. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, आता ऐंशीच्या उंबरठ्यावर आलेले, आणि पहाटेचे फिरणे कधीही न चुकवणारे गृहस्थ आहेत. आपल्या शहराची ओळख उन्हाची असली, तरी इथली थंडीही बोचरी असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते, आणि त्या पहाटेसुद्धा ते कानटोपी व मफलर घालून बाहेर पडले होते. दर हिवाळ्यात शहरात तिबेटी विक्रेत्यांचा गरम कपड्यांचा बाजार भरतो, आणि वडिलांचे सगळे मफलर आजवर तिथूनच आले. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत असल्याचे मला त्यांनीच लहानपणी, असाच एक मफलर घेताना सांगितले होते. या वर्षी जुना मफलर विरला, तेव्हा नवा विकत आणणे हेच साधे आणि सरळ होते. पण त्याच सुमारास माळ्यावरचे सामान काढताना आजीचा, म्हणजे वडिलांच्या आईचा, पत्र्याचा डबा सापडला. त्यात क्रोशाच्या तीन बारीक सुया, पांढऱ्या दोऱ्याची अर्धवट रिळे आणि एक गोल रुमाल होता. आजीच्या लग्नात रुखवतावर मांडलेल्या तोरणाविषयी आणि रुमालांविषयी घरात पुष्कळ बोलले जाई; त्यातला हा एकच उरला होता. वडिलांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि काही न बोलता परत ठेवला. मफलर आपणच विणावा, असे मी त्या संध्याकाळी ठरवले.

माझे वय बावन्न वर्षे आहे, आणि तोपर्यंत मी एकही टाका घातलेला नव्हता. शाळेत शिवणकामाच्या तासाला मी काज-बटणापर्यंत पोहोचले होते, त्यापुढे नाही. म्हणून सुरुवातीच्या चुका कशा झाल्या हे मी इथे मोकळेपणाने लिहिते, कारण नव्याने सुई हाती घेणाऱ्या पुष्कळ जणी नेमक्या याच ठिकाणी अडून काम सोडून देतात, असे मला आता वाटते.

पहिली चूक आजीच्या डब्यातलीच सुई घेण्याची झाली. त्या सुया पोलादी, बारीक दोऱ्यासाठी घडवलेल्या, जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीच्या होत्या; त्यांच्या टोकाच्या आकड्यात लोकर मावतच नव्हती, आणि मावली तरी तिचे धागे फाटून बाहेर येत होते. दुसरी चूक रंगाची झाली. वडिलांना गडद निळा रंग शोभतो म्हणून मी तोच आणला, आणि रात्री जेवणे झाल्यावर ट्यूबलाइटच्या उजेडात विणायला बसले. त्या उजेडात निळ्यावर निळा टाका दिसेना. कुठे सुई घालायची, हे दिसल्याशिवाय सुई घालणे म्हणजे अंदाजाने किल्ली फिरवणे. कधी कुलूप उघडे, बहुतेकदा नाही.

तिसरा घोळ शब्दांचा होता, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मी मोबाइलवर एक चित्रफीत पाहून शिकत होते आणि जोडीला आजीच्या डब्यातलीच एक जुनी इंग्रजी पुस्तिका उघडून ठेवली होती. चित्रफितीतली बाई 'सिंगल क्रोशे' म्हणून जो टाका घाली, तोच पुस्तिकेत 'डबल क्रोशे' म्हणून छापला होता. आणि ती ज्याला 'डबल' म्हणे, त्याला पुस्तिकेत 'ट्रेबल' असे नाव होते. दोन-तीन संध्याकाळी मी स्वतःच्याच समजुतीला दोष देत राहिले. नंतर कळले की हा माझा गोंधळ नाही. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या विणकामाच्या भाषेत ही नावे खरोखरच एकेका पायरीने सरकलेली आहेत. हे ठाऊक नसलेल्या नवख्या बाईने एका देशाची कृती दुसऱ्या देशाच्या नावांनी वाचली, तर तिचा मफलर एकतर दुप्पट उंच ओळींचा होतो किंवा पुठ्ठ्यासारखा दाट.

हे सगळे सुटले ते आमच्याच स्कीममध्ये, म्हणजे आमच्या इमारतीत, तळमजल्यावर राहणाऱ्या काकूंमुळे. त्या मूळच्या पाचपावलीच्या, कोष्ट्याच्या घरातल्या. त्यांच्या माहेरी हातमाग होता आणि वडील सुती लुगडी विणत असत. नागपूरची ओळख संत्र्यांवरून सांगितली जाते, पण हे शहर कापसाचे आणि सुताचेही आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, आणि इतवारी-पाचपावली भागातल्या कोष्टी वस्त्यांमध्ये मागाचा आवाज ऐकत कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. काकूंनी माझ्या हातातला तो निळा, गाठी पडलेला तुकडा खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि विचारले, "हे कायचं करून राहिली तू?" मी 'सिंगल' आणि 'डबल'ची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "ते सिंगल-डबल मले नाही समजत, बाई. हा मुका खांब हाय. तो खांब. अन् खाली ही साखळी. एवढंच हाय सगळं."

साखळी, मुका खांब आणि खांब. ही नावे मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली असणार, पण ती कशाची आहेत हे विचारावेसे मला कधी वाटले नव्हते. आता ती कानांवर पडताच हातातल्या तुकड्याचे चित्र माझ्यापुरते बदलून गेले. 'डबल' या शब्दातून काहीच दिसत नाही; कशाच्या दुप्पट, हे आधी ठाऊक असावे लागते. 'खांब' म्हटले की तो कशावर तरी उभा आहे, हे आपोआप येते. खांबाला पाया लागतो आणि माथा असतो. एका ओळीतल्या खांबाच्या माथ्यावर पुढच्या ओळीतला खांब उभा राहतो, आणि सर्वांत खाली जोते म्हणून साखळी असते. मुका खांब बुटका असतो. सुईवर आधी वेढा न घेता तो घातला जातो, म्हणून त्याला उंची येत नाही. खांबासाठी आधी सुईवर एक वेढा घ्यायचा, मग घरात सुई घालून लोकर ओढून आणायची, म्हणजे सुईवर तीन फास होतात. त्यांतले दोन एकदा आणि उरलेले दोन पुन्हा एकदा सोडवायचे. या दोन वेळच्या सोडवणुकीमुळेच तो उंच होतो. टाक्यात जिथे सुई शिरते त्या जागेला काकू 'घर' म्हणतात. जोते, घर आणि खांब अशी ही भाषा मला घर बांधणाऱ्याची वाटते, आणि ती ज्या कोणा बायकांनी घडवली त्यांची नजर किती स्वच्छ असेल, हा विचार मला अजूनही मधूनमधून सुचतो.

काकूंनी दोन गोष्टींचा आग्रह धरला. एक म्हणजे निळी लोकर बाजूला ठेवायची आणि फिकट रंगाची, गुळगुळीत, फार केसाळ नसलेली लोकर आणायची. दुसरी म्हणजे पहिला आठवडा फक्त साखळी घालायची.

लोकर आणायला मी इतवारीत गेले. दुकानदाराने ४.५ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सुई दिली आणि फिकट बदामी रंगाचे, एकूण २०० ग्रॅम वजनाचे गोळे काढून समोर ठेवले. ते काढताना तो प्रत्येक गोळ्याच्या पट्टीवरचा लॉट क्रमांक वाचून जुळवत होता. एकाच रंगाचे असले तरी वेगवेगळ्या वेळी रंगवलेले गोळे शेजारी आले की मफलरात पट्टा उमटतो, म्हणून लागणारी लोकर एकदमच आणि एकाच लॉटची घ्यावी, असे त्याने समजावून सांगितले. बाजारात आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक ॲक्रिलिक असते, मेंढीची नव्हे, हेही मला तिथेच कळले. मनातून मला सुती दोरा हवा होता. कापसाच्या या मुलखात, जिथे खरी थंडी जेमतेम दोन महिने टिकते, तिथे सुती मफलरच योग्य ठरेल असे वाटत होते. काकूंनी मात्र ते नाकारले. सूत ताणले जात नाही, त्यामुळे हाताचा प्रत्येक कमी-अधिक ओढा त्यात जसाच्या तसा दिसतो. लोकर थोडी ताणते आणि शिकणाऱ्याला सांभाळून घेते. मागावर वाढलेल्या बाईने सुताविषयी हे सांगितल्यावर वाद घालण्याचे कारण उरले नाही.

साखळीचा आठवडा मला फार मोठा वाटला. सरकती गाठ मारायची, सुईवर लोकर घ्यायची, फासातून ओढायची, पुन्हा घ्यायची, पुन्हा ओढायची. एवढेच काम, पण माझी पहिली कडी टपोरी, दुसरी आवळलेली आणि तिसरी सुईवरून खाली उतरायलाही तयार नाही, अशी अवस्था होती. काकू म्हणत, "सुई गच्च कायले धरून राहिली? हात सैल सोड." खरे काम उजव्या हाताचे नसून डाव्या हाताचे असते, हे मला तेव्हा कळले. लोकर डाव्या हाताच्या करंगळीभोवती एक वेढा घेऊन तर्जनीवरून सुईकडे जाते, आणि ती किती वेगाने सुटावी हे ती दोन बोटे ठरवतात. ती सैल पडली की साखळी पसरट होते. ती अडली की साखळीच्या घरात पुढे सुई शिरत नाही. ज्यांचा हात मुळातच आवळ आहे, त्यांनी पायाची साखळी नेहमीपेक्षा अर्धा मिलिमीटर अधिक जाड सुईने घालावी आणि पुढच्या ओळी नेहमीच्या सुईने विणाव्यात, हा काकूंचा उपाय मी अजूनही वापरते. नाहीतर मफलराचा खालचा काठ आखूड राहतो आणि वरचा भाग पंख्यासारखा फाकतो.

आठवड्याच्या शेवटी मी प्रथमच साखळी नीट पाहिली. एका बाजूने ती वेणीसारखी दिसते आणि दुसऱ्या बाजूने तिला बारीक गाठींची रांग असते. वेणीचा एक पेड म्हणजे एक कडी. सुईवर असलेला फास मोजायचा नाही आणि सुरुवातीची गाठही मोजायची नाही. हे दोन नकार ध्यानात ठेवले की साखळी कोणालाही मोजता येते.

मग मुका खांब आला, आणि त्याच्यासोबत माझी खरी अडचण. एकवीस साखळ्या घालून, सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब घातला, की ओळीत वीस मुके खांब होतात. पहिल्या ओळीत माझे वीस झाले. तिसऱ्या ओळीत एकोणीस, पाचव्या ओळीत अठरा आणि आठव्या ओळीला सतरा. पट्टी वर जाताना निमुळती होत होती. मी गेली सत्तावीस वर्षे एका महाविद्यालयाच्या लेखा विभागात काम करते, आकड्यांशी माझा रोजचा संबंध आहे, आणि वीसपर्यंतची मोजणी चुकावी हे मला सहन होईना. मी प्रत्येक ओळ दोनदा मोजू लागले, कागदावर रेघा ओढू लागले, तरी खांब गळतच राहिले.

काकूंनी कागद बाजूला सारला. "मोजत कायले बसतेस? पाहाले शीक," असे म्हणून त्यांनी ती पट्टी दुपारच्या उन्हात, गच्चीवर, माझ्या डोळ्यांसमोर धरली. प्रत्येक मुक्या खांबाच्या माथ्यावर दोन धाग्यांचे एक टोक जुळलेले दिसते, साखळीच्या पेडासारखेच. सुई त्या दोन्ही धाग्यांखालून जायला हवी. मी कधी एकाखालून घालत होते, कधी दोघांखालून. आणि ओळीतला अगदी शेवटचा खांब जरा कलून, आत वळून बसतो, त्यामुळे तो खांब नसून काठ आहे असे वाटते. मी दर काही ओळींनी त्यालाच सोडून देत होते. माझी मोजणी बरोबर होती. जे मोजायचे तेच मला दिसत नव्हते. काकूंनी एक लाल दोरा घेतला, प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या खांबाच्या माथ्यात त्याचा तुकडा अडकवून दिला, आणि पुढच्या ओळीत हे दोन तुकडे सापडल्याशिवाय ओळ संपली असे समजायचे नाही, असे सांगितले. त्या दिवसापासून वीसचे वीस राहिले.

मात्र मुक्या खांबांचा मफलर फार दाट आणि जड होतो, म्हणून मी खांबांवर आले, आणि तिथे काठाचा नियमच बदलला. हा बदल नीट समजून घेतला नाही तर पुन्हा सगळे बिघडते, म्हणून तो सविस्तर लिहिते. मुक्या खांबांच्या ओळीत काम उलटवून एक साखळी घालतात, ती खांब म्हणून धरत नाहीत, आणि पहिला मुका खांब अगदी पहिल्याच घरात घालतात. खांबांच्या ओळीत मात्र उलटवून तीन साखळ्या घालतात, त्या तीन साखळ्या मिळूनच पहिला खांब होतो. म्हणून पहिले घर सोडायचे आणि दुसऱ्या घरापासून सुरुवात करायची. ओळीच्या शेवटी मागच्या ओळीतल्या त्याच तीन साखळ्यांच्या माथ्यावर शेवटचा खांब घालायचा. मी चोवीस साखळ्या घातल्या, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घातला आणि वगळलेल्या तीन साखळ्यांचा एक धरून बावीस खांबांची ओळ केली. दुसऱ्या ओळीत बावीस, तिसऱ्या ओळीत बावीस, दहाव्या ओळीतही बावीस. मला फार समाधान वाटले. आणि तरीही पट्टीच्या दोन्ही काठांना करवतीसारखे दाते पडले होते.

हिशेब जुळतो आहे आणि काम चुकलेले आहे, ही स्थिती माझ्या ओळखीची होती. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंचा ताळा, जुळली म्हणजे वह्या बिनचूक आहेत असे नव्हे, हे आम्हाला अगदी सुरुवातीला शिकवतात. एका खात्यातली चूक दुसऱ्या खात्यातल्या तेवढ्याच चुकीने झाकली जाते आणि बेरजा गुपचूप सारख्या होतात. मी मुक्या खांबाच्या सवयीने पहिल्या घरातही खांब घालत होते, म्हणजे एक खांब वाढत होता. आणि शेवटी तीन साखळ्यांचा माथा खांबासारखा न दिसल्यामुळे तो सोडत होते, म्हणजे एक खांब कमी होत होता. दोन चुका एकमेकींची भरपाई करीत होत्या. हे मला कोणी सांगितले नाही. काठावर बोट ठेवून ओळीमागून ओळ पाहत गेले तेव्हा आपोआप दिसले, आणि त्या दुपारी गच्चीवर मला झालेला आनंद मी शब्दांत नीट मांडू शकणार नाही. मोजणे सोडून द्यावे, असे मला अजिबात वाटत नाही. ओळीच्या शेवटी मी आजही मोजते. पण आधी पाहते, आणि मग पाहिलेले मोजते.

त्या दहा ओळी उसवाव्या लागल्या. उसवणे हा क्रोशाचा एक फार मोठा गुण आहे, आणि तो दोन सुयांवरच्या विणकामात इतका सहज मिळत नाही. तिथे एकाच वेळी ओळीतले सगळे टाके सुईवर उघडे असतात. एखादा निसटला की तो ओळीमागून ओळ खाली धावतो. क्रोशात कोणत्याही क्षणी एकच फास उघडा असतो, बाकीचे सगळे बांधले गेलेले असते. म्हणून कुकरची शिट्टी झाली, दारावर कोणी आले, की त्या एका फासाला थोडे सैल ओढून काम खाली ठेवावे आणि तासाभराने परत उचलावे; काहीही बिघडत नाही. काकूंना हे मागाच्या तुलनेत फार विशेष वाटते. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, आधी भरावा लागतो, बाणा, म्हणजे आडवा धागा, त्यातून जातो, आणि घरातली निम्मी जागा व निम्मी माणसे त्या कामाला बांधली जातात. इथे एक धागा आणि एक आकडा पुरतो. कदाचित म्हणूनच हे काम जिथे गेले तिथे घरातल्या बायकांच्या हाती राहिले. आयर्लंडमध्ये १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात क्रोशाच्या लेसने कित्येक कुटुंबांना आधार दिला. आपल्या शेजारच्या आंध्रात, नरसापूरच्या आसपास, मिशनऱ्यांनी शिकवलेली हीच लेस बायका आजही घरी बसून विणतात, आणि २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. माझ्या मफलराचा अशा पोटासाठी केलेल्या श्रमाशी काही संबंध नाही, याची मला जाणीव आहे. तरी स्वयंपाकघर आणि गच्ची यांच्यामध्ये काम उचलताना-ठेवताना, इतक्या बायकांनी हेच हत्यार का निवडले असावे, हे हाताला कळते.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मी आजीचा गोल रुमाल पुन्हा काढला. पूर्वी तो मला नुसता सुंदर दिसायचा; कुठून सुरू झाला, कसा वाढला, हे त्यात शोधता येईल असे कधी मनातही आले नव्हते. आता मधली साखळीची कडी दिसली, तिच्यातून उभे राहिलेले खांब दिसले, मग दोन खांबांमध्ये एकेक साखळी घालून उघडलेली घरे, मग पाकळ्या. माझ्या दोऱ्यापेक्षा कितीतरी बारीक दोरा, पण सगळे माझ्या ओळखीचे. मी फेरीमागून फेरी बोटाने पाहत गेले. पाचव्या फेरीत एका ठिकाणी दोन घरांवर मिळून एकच खांब घातलेला आहे, आणि तिथून चार बोटांवर एका घरात दोन खांब आहेत. एका बाजूला एक खांब चुकून कमी पडला असणार, तो तिला नंतर लक्षात आला असणार, आणि सगळी फेरी न उसवता तिने तो दुसऱ्या बाजूला भरून काढला असणार. त्यापुढच्या सगळ्या पाकळ्या नीट बसल्या आहेत. तिला जाऊन एकतीस वर्षे झाली. तिची चूक आणि ती निस्तरण्याचा तिचा निर्णय मला समजण्याइतके विणकाम आता येते.

वडिलांना मी ती जागा दाखवली. त्यांना खांब आणि घर यांतला फरक कळला की नाही, मला ठाऊक नाही. पण त्यांनी चष्मा लावून त्या जागेकडे बराच वेळ पाहिले, आणि आई दुपारी ओसरीत दाराशी, उजेडाकडे पाठ करून विणायची, असे सांगितले. उजेड हातावर पडावा म्हणून ती तशी बसत असणार. हेही मला या वर्षीच कळू शकले असते.

मफलर आज त्रेसष्टाव्या ओळीवर आहे. दीड मीटर लांबीसाठी माझ्या हाताला साधारण १२० ओळी लागतील, म्हणजे अर्ध्याच्या थोडे पुढे आले आहे. गेल्या आठवड्यात पहिला गोळा संपत आला, तेव्हा काकूंच्या सांगण्याप्रमाणे नवा धागा ओळीच्या मध्ये न जोडता काठाशी जोडला आणि दोन्ही टोके बोटभर लांब ठेवली; शेवटी ती बोथट सुईने खांबांच्या आतून, एकदा इकडे आणि एकदा तिकडे, ओवून टाकायची आहेत. संक्रांत झाली. पहाटेचा गारवा आहे, पण दुपारी गच्चीवर आता सावलीत बसावे लागते. हा मफलर या थंडीत वडिलांच्या गळ्यात पडणार नाही, हे मला दिसते आहे, आणि त्यांनाही मी तसे सांगितले आहे. ते म्हणाले, पुढल्या दिवाळीपर्यंत जुना चालेल.

काल संध्याकाळी काकू वर आल्या. चहा होईपर्यंत त्यांनी मफलर मांडीवर घेतला, आणि खालपासून वरपर्यंत काठावरून सावकाश अंगठा फिरवला. चौदाव्या ओळीपाशी अंगठा थांबला. तिथे मी उलटताना तीनऐवजी चार साखळ्या घातल्या आहेत, आणि काठ किंचित फुगला आहे. मला ते ठाऊक आहे. दिसले तेव्हा मी वीस ओळी पुढे गेले होते आणि ते तसेच ठेवायचे ठरवले होते. काकूंनी वर पाहिले, मी मान हलवली, आणि त्यांचा अंगठा पुढे निघाला.